फूटीतला पोरं हेरणारा माणूस: गॅरी बकनारा

ओव्हलकाठचा | शनिवार, रात्री ९.१०

गेली तीन वर्षं जून-जुलैतले शनिवार-रविवार मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या मैदानांवर कुडकुडत काढतोय. पोरगा 'फूटी' खेळतो, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. मैदान क्रिकेटचंच, चेंडू लंबगोल, एका बाजूला अठरा जण आणि पायाने, मुठीने, खांद्याने जे काय चालतं ते सगळं. नवख्या पालकाच्या गळ्यात इथे गोल अंपायरचं काम पडतं. पांढरा कोट घालायचा, हातात दोन झेंडे. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू गेला की दोन्ही हलवायचे, सहा गुण. बाजूच्या खांबाच्या आतून गेला की एक झेंडा, एक गुण. त्यापलीकडे अक्कल लागत नाही, म्हणून मला दिलं असावं.

तिथे गोलामागे एक आजोबा भेटायचे. लोकरी टोपी, थर्मास आणि मुडपलेल्या कोपऱ्यांची एक वही. बाकी सगळे पालक बाजूच्या रेषेवर ओरडत असायचे, हे एकटेच माझ्या पाठीशी. एकदा विचारलं, तुमचा नातू कुठला? म्हणाले, कुठलाच नाही. तरुणपणी गावच्या लीगमध्ये खेळले, मग तिथेच पोरांना शिकवलं, आता गुडघे गेले म्हणून विभागाच्या संघासाठी पोरं बघतात. गोलामागून का? तर बाजूने बघितलं की फक्त चेंडू दिसतो, मागून बघितलं की मोकळी जागा दिसते आणि त्या जागेत कोण आधी पळतोय ते दिसतं.

वहीत डोकावलो. नावं नव्हतीच, नुसते जर्सीचे आकडे आणि पुढे दोन-तीन शब्द. त्या दिवशी चार गोल मारलेल्या पोरासमोर कोरं. चौदा नंबरसमोर मात्र लिहिलेलं: 'चेंडू सुटला. परत गेला.' तो पोरगा मलाही आठवत होता, चिखलात तोंडावर आपटला होता आणि आम्ही सगळे हसलो होतो.

मी म्हटलं, या कामात सगळ्यात भारी कोण? त्यांनी एकच नाव घेतलं. घरी येऊन वाचत बसलो, ते आज इथे टाकतोय.

गॅरी बकनारा. पश्चिम ऑस्ट्रेलियाचा. तिथल्या सुबियाको क्लबाकडून नाव कमावलं आणि १९८२ साली मेलबर्नमधल्या हॉथॉर्न क्लबात आला. हॉथॉर्नचे ते भरभराटीचे दिवस. १९८३, १९८६, १९८८, १९८९ अशा चार प्रीमियरशिप, म्हणजे लीगची विजेतेपदं, त्याच्या नावावर. पण इथल्या पन्नाशीपुढच्या कुणासमोर हे नाव काढा, तो यातलं एकही साल सांगणार नाही. १९८७ ची प्रिलिमिनरी फायनल सांगेल, म्हणजे आपल्या भाषेत सेमीफायनल.

समोर 'मेलबर्न' याच नावाचा क्लब. १९६४ नंतर पहिल्यांदाच फायनल्समध्ये, म्हणजे बाद फेरीत पोचलेला, अख्खं शहर त्यांच्या बाजूने. वेव्हर्लीचं मैदान, शेवटचे क्षण, मेलबर्न चार गुणांनी पुढे. बकनाराला फ्री किक मिळाली, पण इतक्या लांबून की तिथून गोल म्हणजे नवसच. तेवढ्यात मेलबर्नचा जिम स्टाइन्स, आपल्या माणसामागे धावताना, किक मारणारा आणि त्याच्यासमोर उभा असलेला खेळाडू यांच्या मधून आडवा पळत गेला. तसं जायचं नसतं. पंचाने बकनाराला १५ मीटर पुढे आणलं. भोंगा वाजून गेलेला, खेळ संपलेला, फक्त ही एक किक बाकी. मधोमध गेली. ८० विरुद्ध ७८. पुढच्या आठवड्यात हॉथॉर्न ग्रँड फायनल कार्लटनकडून हरलं ते वेगळं. आणि पुढच्याच मोसमापासून त्या चुकीचा दंड १५ ऐवजी ५० मीटर झाला.

इथपर्यंत कथा नायकाची. आता पुढे.

१९९२ साली बकनारा सिडनी स्वान्सचा कोच झाला. क्लबच्या तिजोरीत खडखडाट, शहराला या खेळात रस नाही आणि खेळाडूंची यादी तोकडी. त्या वर्षी सिडनी शेवटून पहिले. पुढच्या मोसमात सुरुवातीच्या काही सामन्यांतच त्याला नारळ मिळाला आणि रॉन बरासीला आणलं गेलं. दोन्ही वर्षं मिळून सिडनी सलग २६ सामने हरलं. सव्वीस. प्रमुख कोच म्हणून बकनाराची कारकीर्द तिथेच संपली.

आता गंमत बघा. १९९६ मध्ये सिडनी थेट ग्रँड फायनलला पोचलं. कोच कोण? रॉडनी ईड, बकनाराच्याच हॉथॉर्नच्या ड्रेसिंग रूममधला सोबती. मधल्या काळात काय बदललं? बऱ्याच गोष्टी, पण सगळ्यात मोठी म्हणजे टोनी लॉकेट. गोल करण्यासाठीच जन्माला आलेला धिप्पाड माणूस १९९५ मध्ये सिडनीला आला होता. यादीत लॉकेट असला की कोचची फळ्यावरची आकृती आपोआप बरोबर ठरते.

बकनाराने सिडनीतून काय धडा घेतला ते त्यालाच ठाऊक. मी फक्त पुढे काय झालं ते सांगतो. तो हॉथॉर्नला परतला, पण कोच म्हणून नव्हे. रिक्रूटिंग मॅनेजर, म्हणजे पोरं हेरणाऱ्यांचा मुख्य. (इथे 'स्काउट' फारसं कुणी म्हणत नाही, 'रिक्रूटर' म्हणतात.) २००४ मध्ये हॉथॉर्न सोळा संघांत पंधरावं आलं. नवा कोच ॲलिस्टर क्लार्कसन नुकताच नेमलेला. त्या नोव्हेंबरच्या ड्राफ्टमध्ये हॉथॉर्नकडे पहिल्या सातांत तीन संधी होत्या. दुसऱ्या क्रमांकावर जॅरिड रफहेड. पाचव्यावर लान्स फ्रँकलिन, पश्चिम ऑस्ट्रेलियाचा लांबलचक, डावखुरा पोरगा. सातव्यावर जॉर्डन लुईस. तिघंही सतरा-अठराची. २००७ मध्ये बाराव्या क्रमांकावर सिरिल रिओली.

२००८, २०१३, २०१४, २०१५. चार प्रीमियरशिप. फ्रँकलिन २०१३ नंतर सिडनीला गेला, तरी तोवर दोन हॉथॉर्नला देऊन गेला. मैदानावर बकनाराने चार जिंकल्या आणि त्याने आणलेल्या पोरांनीही चार.

मला वाटतं कोच म्हणजे फडताळात जे असेल त्यात आज रात्रीच्या पाहुण्यांचं जेवण काढणारा माणूस. आणि रिक्रूटर म्हणजे सहा वर्षांनी लागणारा बाजार आजच करून ठेवणारा. दोघंही स्वयंपाकघरातलेच, पण एकाला दुसऱ्याचं काम येईलच असं नाही. सिडनीतल्या अपयशाची पाटी गळ्यात असलेल्या माणसाला तुम्ही पुन्हा क्लबाच्या दारात उभं केलं असतंत का? हॉथॉर्नने केलं.


सदाशिवपेठी | शनिवार, रात्री १०.०२

लेख झकास. वहीवाले आजोबा सगळ्यात आवडले. पण आमच्यासारख्या अडाण्यांसाठी: ड्राफ्ट म्हणजे लिलाव का? आयपीएलसारखा?


ओव्हलकाठचा | शनिवार, रात्री १०.२०

नाही हो, बोली नसते. गेल्या मोसमात जो संघ शेवटी, त्याला पहिली निवड. त्याच्यावरच्याला दुसरी. पोराला विचारत नाहीत तुला कुठे जायचंय. पर्थचा पोरगा सकाळी उठतो आणि संध्याकाळपर्यंत त्याचं गाव बदललेलं असतं. १९८६ मध्ये सुरू झालं, त्याआधी क्लबांना मुलूख वाटून दिलेले होते, अमुक जिल्ह्यातली पोरं अमुक क्लबाची. २००४ मध्ये तर फारच कमी सामने जिंकलेल्या संघांना आणखी एक जादा निवड मिळाली होती, म्हणून हॉथॉर्नकडे दुसरा आणि पाचवा दोन्ही क्रमांक. सातवा अदलाबदलीतून मिळवलेला.


लेगकटर | शनिवार, रात्री १०.४१

मग यात पारख कसली? पहिल्या सातांत तीन निवडी मिळाल्यावर माझ्या मावशीनेही प्रीमियरशिप आणली असती. हरल्याचं बक्षीस आहे हे.


गिलाँगवाली | शनिवार, रात्री ११.०५

लेगकटर, मावशींना पाठवा, इथे रिचमंडवाल्यांना हव्यात. त्याच ड्राफ्टमध्ये रिचमंडकडे पहिला आणि चौथा क्रमांक होता. पहिल्यावर ब्रेट डेलेडिओ घेतला, तो उत्तमच निघाला. चौथ्यावर रिचर्ड टॅम्बलिंग. आणि लगेच पाचव्यावर फ्रँकलिन गेला. फ्रँकलिनचे पुढे १०६६ गोल झाले. रिचमंडचे लोक वर्षानुवर्षं कपाळ बडवत होते. बिचाऱ्या टॅम्बलिंगचा यात काही दोष नाही, त्याने थोडंच सांगितलं होतं मला घ्या म्हणून.

पण बकनाराची आरती ओवाळताना दुसरी बाजूही लिहा की. मी गिलाँग क्लबची, त्यामुळे हे मला लिहावंच लागणार. २००६ चा ड्राफ्ट. सहाव्या क्रमांकावर हॉथॉर्नने मिच थॉर्प घेतला. सातव्यावर आमचा नंबर होता. आम्ही घेतला जोएल सेलवुड.

थॉर्प हॉथॉर्नकडून दोन सामने खेळला. सेलवुड आमच्याकडून ३५५ सामने खेळला, चार प्रीमियरशिप आणि दहाएक वर्षं कप्तान. आता झोपते, छान झोप लागेल.


लेगकटर | शनिवार, रात्री ११.१२

बघा! म्हणजे नाणेफेकच की.


ओव्हलकाठचा | रविवार, सकाळी ७.५०

गिलाँगवाली, ठणकावलंत, मान्य. मुद्दाम टाळलं नव्हतं, पण लिहायला हवं होतं. फक्त एक: सेलवुडचा गुडघा त्या वर्षी दुखावलेला होता, बराचसा मोसम तो खेळलाच नव्हता. त्याच्या आधी सहा क्लबांनी दुसरं कुणीतरी घेतलं, एकट्या हॉथॉर्नने नव्हे. सतरा वर्षांच्या पोराचा गुडघा हातात घेऊन 'हा पंधरा वर्षं टिकेल' म्हणणं म्हणजे काय ते विचार करा.

आणि लेगकटर, नाणेफेक असती तर तेच-तेच क्लब वर्षानुवर्षं उशिराच्या क्रमांकावर हिरे काढत राहिले नसते. गिलाँगच्या स्टीफन वेल्स या रिक्रूटरचं नाव इथे लोक कान पकडून घेतात ते उगाच नाही. चुकतात सगळेच. फलंदाजही दहातल्या सहा वेळा लवकर बाद होतो.


फुकटचाकोच | रविवार, सकाळी ९.१५

कोच आणि खेळाडू हा मुद्दा आपल्याकडेही आहेच. आचरेकर सरांच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना. अमोल मुझुमदार, अकरा हजारांवर प्रथम श्रेणी धावा, भारताची टोपी कधी मिळाली नाही, आणि २०२५ मध्ये नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक उचलला तेव्हा कोच तोच.

फूटीतही असं कुणी आहे का, मोठ्या लीगमध्ये न खेळता कोच झालेलं?


गिलाँगवाली | रविवार, सकाळी ९.४०

आहे ना, क्रिस फेगन. टास्मानियात खेळला, मेलबर्नच्या मोठ्या लीगमध्ये एकही सामना नाही. शाळेत शिकवायचा. नंतर हॉथॉर्नमध्येच क्लार्कसनच्या हाताखाली वर्षानुवर्षं पडद्यामागे काम केलं आणि २०१७ पासून ब्रिस्बेनचा कोच. २०२४ आणि २०२५, लागोपाठ दोन प्रीमियरशिप. दुसऱ्या वेळी ग्रँड फायनलमध्ये आम्हालाच धुतलं, त्यामुळे यापुढे मी त्याचं कौतुक करणार नाही.


दुर्बीण | रविवार, दुपारी १.३०

आकडेवारीचं काम करतो (या खेळात नव्हे), म्हणून राहवत नाही. वहीवाले आजोबा वाचायला गोड आहेत, पण आजकाल क्लब त्यांच्यावर विसंबून नसतात. ड्राफ्टच्या आधी पोरांची रीतसर चाचणी होते: २० मीटर धाव, उभ्याने उडी, धावत येऊन उडी, चपळाई, आणि आता बीप टेस्टऐवजी दोन किलोमीटर. सामन्यात पाठीवर जीपीएस. प्रत्येक किक, प्रत्येक हँडबॉल (मुठीने दिलेला पास) मोजला जातो. यात डोळ्याचं काम कितीसं उरलं?


ओव्हलकाठचा | रविवार, दुपारी ३.०५

हाच प्रश्न मी आज सकाळी आजोबांना विचारला. (सामना हरलो. ३.४, म्हणजे तीन गोल आणि चार एकेरी गुण, एकूण २२, विरुद्ध ११.६ म्हणजे ७२. वाऱ्याच्या विरुद्ध एक अख्खा क्वार्टर चेंडू आमच्या बाजूला आलाच नाही, मी दोन झेंडे घेऊन गोठत उभा.) ते म्हणाले, घड्याळ बरोबरच सांगतं, पण घड्याळ आजचं सांगतं. मग आमच्या संघातल्या सगळ्यात मोठ्या पोराकडे बोट दाखवलं. चौदाव्या वर्षी मिशी फुटलेली, बाकीच्यांना खेळण्यातल्या बाहुल्यांसारखा उडवतो. आता त्याचे सगळे आकडे पहिल्या नंबराचे. चार वर्षांनी बाकीचे त्याच्या उंचीला आले की काय? ते ओळखायला म्हणे त्याचे वडील कसे दिसतात ते बघावं लागतं, आई किती उंच ते बघावं लागतं, आणि संघ पन्नासने मागे असताना पोरगा पळतो का चालतो ते बघावं लागतं.

वडिलांची उंची बघतात हे ऐकून मी कोट सावरून जरा ताठ उभा राहिलो.


दुर्बीण | रविवार, दुपारी ३.२०

बरं, हे मान्य. शेवटचं तर आमच्याही आकड्यांत येतं, पण आधी कुणीतरी ते मोजायचं असतं हे सुचावं लागतं.


आजीचा_चष्मा | रविवार, संध्याकाळी ६.४५

आम्ही पण पश्चिमेकडेच. मुलगी बारा वर्षांची, मुलगा दहाचा, दोघंही फूटी खेळतात. सासूबाई दर आठवड्याला व्हिडिओ कॉलवर विचारतात, हाड मोडलं की सांग. ऐकलंय की आपल्या मुलांसाठी क्लबांची वेगळी अकादमी असते? खरं का? आणि मला त्या स्टाइन्सचं वाचून वाईट वाटलं हो. त्या पोराचं पुढे काय झालं?


ओव्हलकाठचा | रविवार, रात्री ८.१५

अकादमी खरी आहे. नेक्स्ट जनरेशन अकादमी म्हणतात, २०१६ च्या सुमारास सुरू झाल्या. आदिवासी मुलं, आणि ज्यांचे आई किंवा वडील आशियात किंवा आफ्रिकेत जन्मलेले आहेत अशी मुलं त्यात येतात. म्हणजे तुम्ही साताऱ्यात जन्मला असाल तर तुमचा जन्मदाखला इथे कामाला येतो. त्या भागातला क्लब पोरांना शिकवतो आणि ड्राफ्टमध्ये त्याला थोडी सवलत मिळते. सवलतीचे नियम दर थोड्या वर्षांनी बदलतात, त्यामुळे तुमच्या भागातल्या क्लबला थेट विचारा. २०२० च्या ड्राफ्टमधला पहिला क्रमांक, जमारा यूगल-हेगन, अशाच अकादमीतून आला होता.

स्टाइन्सचं विचारलंत ते बरं केलंत, लेखात त्याच्यावर अन्याय झाला. तो मुळात आयर्लंडचा. डब्लिनमध्ये गेलिक फुटबॉल खेळायचा, लंबगोल चेंडूला हातही लावलेला नव्हता. मेलबर्न क्लबने आयर्लंडच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, तिला उत्तर देऊन १९८४ मध्ये इथे आला. गोल चेंडूच्या खेळातली उंच, न थकणारी पोरं आणून इथला खेळ शिकवून बघू, असा तो प्रयोग. म्हणजे १९८७ मध्ये त्याला हा खेळ शिकून तीनच वर्षं झालेली. रेषा ओलांडायची नाही हे अंगात मुरलेलं नसणार, ते लहानपणापासून खेळणाऱ्याच्या पायांनाच कळतं.

आणि चार वर्षांनी, १९९१ मध्ये, त्याने ब्राउनलो पदक जिंकलं. मोसमातला सर्वोत्तम खेळाडू. शिवाय सलग २४४ सामने खेळला, एकही न चुकवता, तो विक्रम २०२५ पर्यंत त्याचाच होता. पुढे आपल्याच क्लबचा अध्यक्ष झाला, कर्जात बुडालेला क्लब वर काढला. २०१२ मध्ये कर्करोगाने गेला, पंचेचाळिशीतच.

त्या एका संध्याकाळच्या दोन्ही माणसांचं आयुष्य शेवटी पोरं हेरण्याशी जोडलेलं निघालं: एक हेरला गेलेला, एक हेरणारा.


आजीचा_चष्मा | रविवार, रात्री ८.३०

अंगावर काटा आला. धन्यवाद. जन्म साताऱ्याचा नाही, वाईचा आहे, पण चालेल ना.


सदाशिवपेठी | रविवार, रात्री ८.५२

एक शेवटची शंका. बकनारा आता काय करतो?


गिलाँगवाली | रविवार, रात्री ९.०४

मेलबर्नच्या वर्तमानपत्रात लिहिलंय त्याने. एकेका क्लबची यादी घेऊन कोण ठेवा, कोण काढा, कुठे भोक आहे, अशी चिरफाड. आमच्या यादीबद्दल लिहितो तेव्हा मी वाचत नाही. (वाचते.)


फुकटचाकोच | रविवार, रात्री ९.१०

ते सगळं ठीक. ओव्हलकाठचा, खरं सांगा, आजोबांच्या वहीत तुमच्या पोराच्या नंबरासमोर काय लिहिलंय? तीन वर्षं गोलामागे उभे आहात, बघितलं नाही असं म्हणू नका.


ओव्हलकाठचा | रविवार, रात्री ९.४०

बघितलं. पहिली दोन वर्षं कोरंच होतं, रोज घरी येऊन बायकोला सांगायचो, कोरं. त्यात विभागाच्या निवड चाचणीला गेला तेव्हा दुसऱ्या फेरीच्या आतच परत पाठवलं, त्या दिवशी गाडीत कुणी बोललं नाही.

आज ते कॉफी ओतत असताना परत डोकावलो. २३ नंबरसमोर लिहिलंय: 'उशिरा वाढेल?' प्रश्नचिन्हासकट.

पोराला सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, उंची तुमच्या घरावर गेली असेल तर ते प्रश्नचिन्ह तसंच राहू द्या.